डेरवणची खिडकी आणि ऐरोलीची रात्रपाळी

चिपळूण तालुक्यातल्या एखाद्या वाडीत राहणाऱ्या पन्नाशीच्या बाईला गालाच्या आत फोड येतो. तरुणपणापासून मशेरीची सवय आहे. फोड दोन महिने बरा होत नाही, तिखट लागू देत नाही, तोंड उघडायला त्रास होऊ लागतो. मुलगा तिला घेऊन डॉक्टरांकडे जातो. तुकडा काढून तपासायला पाठवला जातो आणि चार-आठ दिवसांनी अहवाल हातात पडतो. घरच्यांचे लक्ष त्यातल्या एकाच शब्दावर खिळते: कर्करोग. त्याच अहवालात आणखी एक माहिती असते, आणि तिच्यावर पुढचे पुष्कळ काही अवलंबून असते. गाठ तोंडात नेमकी कुठे आहे? गालाच्या अस्तरावर असेल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात तिचा क्रमांक सी ०६.०. गाल आणि हिरडी यांच्यामधल्या खाचेत असेल तर सी ०६.१. खालच्या हिरडीवर असेल तर सी ०३.१. आणि डॉक्टरांनी घाईत नुसते ‘तोंडाचा कर्करोग’ एवढेच लिहिले, तर नोंद करणाऱ्याच्या हाती सी ०६.९ हा ‘जागा निश्चित नाही’ असे सांगणारा क्रमांकच उरतो.

कर्करोगाच्या उपचाराला अनेक हात लागतात. शस्त्रक्रिया करणारे, किरणोपचार देणारे, सलाईन लावणाऱ्या परिचारिका हे रुग्णाला दिसतात. अहवाल वाचून क्रमांक लावणारे, कागद चढवणारे, बिल पाठवणारे आणि नाकारलेल्या बिलासाठी पुन्हा भांडणारे मात्र त्याला कधीच दिसत नाहीत. या प्रकरणात त्यांची ओळख करून घ्यायची आहे. त्यांतले काही जण चिपळूणजवळ डेरवणच्या रुग्णालयात खिडकीमागे बसतात. काही जण चिपळूणहून गाडी पकडून नवी मुंबई किंवा पुण्याला गेलेले असतात आणि समुद्रापलीकडच्या रुग्णांचे कागद वाचत असतात. दोघांचे काम एकाच जातीचे आहे.

रोगाला क्रमांक कसा मिळाला

रोगांची यादी करून प्रत्येकाला ठरावीक क्रमांक देण्याची गरज आधी मृत्यूच्या नोंदींना भासली. एका गावातला वैद्य ज्याला एक नाव देतो त्याला दुसऱ्या गावातला दुसरे नाव देत असेल, तर कशाने किती माणसे गेली हे मोजता येत नाही. फ्रेंच संख्याशास्त्रज्ञ झाक बर्तियाँ यांनी १८९३ मध्ये मृत्यूच्या कारणांची आंतरराष्ट्रीय यादी मांडली. तीच वाढत, सुधारत जागतिक आरोग्य संघटनेकडे आली. तिची दहावी आवृत्ती, म्हणजे आयसीडी-१०, १९९० मध्ये मंजूर झाली. अकरावी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली, पण जगातली पुष्कळशी रुग्णालये आजही दहावीवरच चालतात.

कर्करोगासाठी एवढे पुरत नाही. गाठ कुठे आहे याच्याबरोबर ती कोणत्या पेशींची आहे आणि कशी वागते हेही नोंदवावे लागते. त्यासाठी १९७६ पासून आयसीडी-ओ हे वेगळे वर्गीकरण आहे. तोंडाच्या कर्करोगात बहुतेक वेळा आढळणाऱ्या प्रकाराचा क्रमांक ८०७०/३. तिरप्या रेघेनंतरचा एकच आकडा सगळ्यात महत्त्वाचा असतो. ० म्हणजे साधी गाठ, २ म्हणजे रोग आहे पण जागेवरच थांबलेला, ३ म्हणजे आजूबाजूला शिरणारा, ६ म्हणजे दुसरीकडून पसरून आलेला.

या कामात महाराष्ट्र देशाच्या पुढे राहिला आहे. लोकसंख्येवर आधारलेली देशातली पहिली कर्करोग नोंदणी १९६३ मध्ये मुंबईत, इंडियन कॅन्सर सोसायटीने सुरू केली. ग्रामीण भागातली पहिली नोंदणी १९८७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीला सुरू झाली. कोकणात टाटा मेमोरियल हॉस्पिटल आणि डेरवणचे वालावलकर रुग्णालय यांनी मिळून रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या गावांत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांच्या कर्करोगाची तपासणी शिबिरे घेतली. अशा प्रत्येक उपक्रमात डॉक्टरांच्या मागे कार्यकर्त्यांची एक फळी असते. घरोघर फिरणारे, रुग्णालयांच्या वह्या चाळणारे, एकच रुग्ण दोनदा मोजला जाऊ नये म्हणून नाव, गाव आणि वय पुन्हा पुन्हा पडताळणारे लोक त्या फळीत असतात. बिलासाठी कोडिंग करणाऱ्याचा, म्हणजे क्रमांक लावणाऱ्याचा, धंदा वेगळा आणि नोंदणीवाल्याचा वेगळा. पण अहवाल पूर्ण वाचल्याशिवाय क्रमांक लावायचा नाही, ही शिस्त दोघांची एकच.

डेरवणची खिडकी

सावर्डे स्टेशनपासून जवळच, डेरवणला, बी. के. एल. वालावलकर रुग्णालय आहे. श्री विठ्ठलराव जोशी चॅरिटीज ट्रस्ट ते चालवते, आणि २०१५ पासून तिथे वैद्यकीय महाविद्यालयही आहे. असे रुग्णालय जवळ नव्हते तेव्हा कर्करोग म्हटला की कोकणातल्या माणसाला परळचे टाटा हॉस्पिटल गाठावेच लागे. लालबाग-परळच्या चाळीत कुणी नातेवाईक असेल तर बरे, नाहीतर दादरची गाडगे महाराज धर्मशाळा किंवा रस्त्याकडेचा फुटपाथ. आजही गुंतागुंतीच्या उपचारांसाठी टाटाला जावे लागतेच, पण बराच भाग घराजवळ होऊ शकतो. घराजवळचा उपचार परवडतो की नाही हे मात्र सरकारी आरोग्य योजनेच्या कागदांवर ठरते.

महाराष्ट्रात ही योजना २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली. नोव्हेंबर २०१३ मध्ये ती राज्यभर आली आणि रत्नागिरी जिल्ह्याला तिचा लाभ मिळू लागला. २०१७ मध्ये तिचे नाव महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना झाले. २०२० मध्ये ती केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी जोडली गेली. २०२३ मध्ये शासनाने कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आणि पांढऱ्या कार्डासह सर्व रेशनकार्डधारकांना लाभ देण्याचा निर्णय घेतला.

योजनेत असलेल्या रुग्णालयात शिरल्यावर रुग्णाला पहिला माणूस भेटतो तो आरोग्यमित्र. रेशनकार्ड आणि फोटोचे ओळखपत्र तो पडताळतो, नाव नोंदवतो. रेशनकार्डावर ‘सुलोचना’ आणि आधारवर ‘सुलोचनाबाई’ असे असेल तर घोळ तिथेच सुरू होतो, आणि तो सोडवण्यासाठी कुणाकडून कोणता कागद आणायचा हे त्यालाच सांगावे लागते. पुढची पायरी रुग्णालयाच्या वैद्यकीय समन्वयकाची. त्याला सगळे ‘मेडको’ म्हणतात. निदान, गाठीची अवस्था, तुकड्याचा अहवाल, स्कॅन आणि ठरलेला उपचार हे सारे तो संगणकावर चढवतो, यादीतले योग्य पॅकेज निवडतो आणि पूर्वमान्यता मागतो. रोजच्या बोलण्यात याला ‘प्री-ऑथ टाकणे’ म्हणतात. समोरच्या टोकाला विमा किंवा तपासणी यंत्रणेचे डॉक्टर असतात. त्यांना काही खटकले की ‘क्वेरी’ येते: अहवालावर सही दिसत नाही, फोटो अस्पष्ट आहे, अवस्था लिहिलेली नाही, निवडलेले पॅकेज निदानाशी जुळत नाही. क्वेरीला उत्तर जाईपर्यंत गाडी पुढे सरकत नाही. उपचार झाल्यावर ‘क्लेम’ टाकायचा, आणि पुन्हा तीच तपासणी.

कर्करोगात हे एकदाच करून भागत नाही. हाड मोडले तर एक शस्त्रक्रिया, एक पॅकेज, विषय संपला. केमोथेरपी ठरावीक दिवसांनी पुन्हा पुन्हा द्यायची असते, आणि योजनेत तिचे पॅकेज एका आवर्तनाचे असते. सहा आवर्तने असतील तर कागदही सहा वेळा. त्यात शस्त्रक्रिया एका विभागाची, किरणोपचार दुसऱ्याचे, औषधे तिसऱ्याची, आणि तिन्हींची पॅकेजे वेगळ्या यादीत. मध्येच पांढऱ्या पेशी कमी झाल्या, ताप आला, आवर्तन पुढे ढकलले, औषध बदलले, तर कागदांनाही त्यामागून धावावे लागते. ठरलेल्या दिवशी मान्यता आली नाही, तर पहाटेच्या एसटीने गुहागरहून आलेल्या रुग्णाला संध्याकाळी परत जावे लागू शकते. त्याची दिवसाची मजुरी बुडालेली असते, सोबत आलेल्याचीही.

म्हणून खिडकीमागच्या माणसाचे काम निव्वळ कारकुनी मानणे चूक आहे. त्याला अहवाल वाचता आला पाहिजे, अवस्थेच्या खुणा कळल्या पाहिजेत, डॉक्टरांना ‘सर, इथे बाजू लिहायची राहिली आहे’ असे न संकोचता सांगता आले पाहिजे, आणि घाबरलेल्या नातेवाइकाशी त्याच्या बोलीत बोलता आले पाहिजे. एवढी जबाबदारी पेलणारे आरोग्यमित्र मात्र बहुतेक कंत्राटावर असतात. पगार बाहेरच्या संस्थेमार्फत येतो आणि संस्था बदलली की अनिश्चितता सुरू होते. अनुभवी माणूस अशा कारणाने काम सोडून गेला की त्याच्याबरोबर बरीच वर्षांची जाण जाते. नवा माणूस ती पुन्हा शिकेपर्यंत क्वेरी वाढतात, आणि त्याची झळ थेट रुग्णाला पोचते.

ऐरोलीची रात्रपाळी

आता दुसरे टोक. चिपळूणच्या दातार-बेहेरे-जोशी महाविद्यालयातून रसायनशास्त्र घेऊन बाहेर पडलेल्यांना लोटे-परशुरामची औद्योगिक वसाहत जवळ असते. जीवशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, नर्सिंग, फार्मसी, होमिओपॅथी किंवा आयुर्वेद शिकलेल्यांपुढे गेल्या वीसेक वर्षांत आणखी एक वाट आली: मेडिकल कोडिंग. नवी मुंबईतल्या ऐरोली, महापे इथल्या आणि पुण्यातल्या संगणक उद्यानांमध्ये अमेरिकेतल्या रुग्णालयांची बिले तयार करणाऱ्या कंपन्या आहेत. अमेरिकेत बिल रुग्णालयाकडून विमा कंपनीकडे किंवा सरकारी मेडिकेअरकडे जाते, आणि त्यावर प्रत्येक निदान व प्रत्येक क्रिया क्रमांकात लिहावी लागते. निदानासाठी १ ऑक्टोबर २०१५ पासून आयसीडी-१०-सीएम वापरतात. त्यात ७०,००० च्या आसपास क्रमांक आहेत. क्रियांसाठी सीपीटी आहे. ही यादी अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९६६ मध्ये पहिल्यांदा छापली. औषधांसाठी तिसरी यादी वेगळी.

ऑन्कोलॉजीचे, म्हणजे कर्करोगाचे, कोडिंग अवघड का मानतात, ते एका उदाहरणावरून कळेल. स्तनाच्या कर्करोगाची एक रुग्ण ट्रास्टुझुमॅब हे औषध घ्यायला येते. नुसते ‘स्तनाचा कर्करोग’ म्हणून चालत नाही. उजव्या स्तनाचा वरचा बाहेरचा भाग असेल तर सी ५०.४११, डावा असेल तर शेवटचा आकडा बदलून सी ५०.४१२. रुग्ण फक्त हे औषध घ्यायला आली असेल तर पहिला क्रमांक आजाराचा लागत नाही, उपचाराच्या भेटीचा लागतो, आणि आजाराचा त्याच्यामागून येतो. आता औषध. या औषधाचे एक एकक १० मिलिग्रॅमचे. रुग्णाचे वजन ५५ किलो आणि मात्रा किलोमागे ६ मिलिग्रॅम असेल तर ३३० मिलिग्रॅम, म्हणजे ३३ एकके. कुपी १५० मिलिग्रॅमची, एकाच रुग्णासाठी वापरायची. म्हणून तीन कुप्या फोडाव्या लागतात आणि १२० मिलिग्रॅम टाकून द्यावे लागते. ती १२ एककेही वेगळ्या ओळीवर, ‘जेडब्ल्यू’ ही खूण लावून दाखवायची. काहीच वाया गेले नसेल तर तेही ‘जेझेड’ लावून सांगायचे, असा मेडिकेअरचा नियम १ जुलै २०२३ पासून आहे. हजारो डॉलरच्या औषधात एका एककाची चूकही महाग पडते.

मग वेळ. सलाईनमधून केमो किती वेळ दिली यावर क्रमांक ठरतो. पहिल्या तासाला ९६४१३. पुढच्या तासाचा ९६४१५ लावायचा, तर पहिल्या तासानंतर तीस मिनिटांहून जास्त वेळ गेलेला हवा. नव्वद मिनिटांना तो लागत नाही, एक्क्याण्णव मिनिटांना लागतो. परिचारिकेने सुरू केल्याची वेळ लिहिली आणि संपल्याची लिहिली नाही, तर कोडरला अंदाज करता येत नाही. त्याला प्रश्न पाठवावा लागतो आणि उत्तर येईपर्यंत बिल अडकते.

सगळ्यात नाजूक प्रश्न मात्र रोगाच्या स्थितीचा असतो. शस्त्रक्रिया झाली, गाठ निघाली, पण रुग्ण अजून त्याच आजारासाठी गोळ्या घेते आहे. तिला ‘कर्करोग आहे’ म्हणायचे की ‘पूर्वी होता’? नियम असा, की त्या आजारावरचा उपचार चालू असेल तर आजार चालू आहे असे धरायचे. उपचार संपला आणि रोगाची खूण उरली नाही, की मग पूर्वेतिहासाचा क्रमांक लावायचा. बाह्यरुग्ण विभागात डॉक्टरांनी ‘शंका आहे’ लिहिले असेल तर कर्करोगाचा क्रमांक लावायचाच नाही. असा एक क्रमांक चुकून कागदावर चढला तर तो त्या माणसाच्या नोंदीत वर्षानुवर्षे राहू शकतो.

कोडिंग झाल्यावर बिलिंग. विमा कंपनीने पैसे नाकारले की ‘डिनायल’ येतो, तोही क्रमांक घेऊनच. ५० म्हणजे ‘हा उपचार वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक वाटत नाही’, १९७ म्हणजे ‘पूर्वमान्यता घेतली नव्हती’, २९ म्हणजे ‘मुदत उलटली’. मेडिकेअरकडे दावा सेवेच्या तारखेपासून एका वर्षात पोचावा लागतो. डिनायल सोडवायला अमेरिकेतल्या विमा कंपनीला फोन करावा लागतो, तिथल्या दिवसा आणि इथल्या रात्री. हे काम करणाऱ्यांना ‘एआर कॉलर’ म्हणतात. कोडरला बऱ्याचदा दिवसपाळी मिळते, कॉलरला रात्रपाळीच.

कामाची परिस्थिती

कोडरचा दिवस दोन आकड्यांत मोजला जातो: किती फायली झाल्या आणि किती बरोबर झाल्या. अचूकतेची अपेक्षा साधारण ९५ टक्क्यांच्या वर असते. साध्या क्ष-किरण अहवालाला मिनिटभर पुरतो. कर्करोगाच्या एका भेटीचे कागद मात्र वीस-पंचवीस पानांचे असू शकतात: तपासणीची टिपणे, अहवाल, औषधांची नोंद, परिचारिकेचा तक्ता. अशा फायलींना वेगळा वेळ ठरवून दिला नाही, तर माणूस वेगाच्या दडपणाखाली वाचणे सोडून शोधायला लागतो. चुका तिथेच सुरू होतात.

शरीराचे त्रास ठाऊकच आहेत: मान, पाठ, कोरडे पडणारे डोळे. रात्रपाळीत झोप, पचन आणि मासिक पाळीच्या तक्रारी. मनाच्या त्रासाबद्दल मात्र फारसे बोलले जात नाही. बावीस वर्षांची मुलगी रोज आठ तास वाचत असते की कुणाच्या हाडात रोग पसरला, कुणाचे औषध थांबवून आता फक्त वेदना कमी करायच्या ठरले. रुग्ण अनोळखी असतो, पण घरात आजीला हाच आजार झालेला असतो. परिचारिकेला किमान रुग्णाचा हात धरता येतो. कोडरला पुढची फाइल उघडावी लागते. ज्या संस्था ऑन्कोलॉजीच्या गटाला अधूनमधून दुसऱ्या प्रकारचे काम देतात, समुपदेशक ठेवतात आणि यावर मोकळेपणाने बोलू देतात, तिथे माणसे टिकतात.

कायद्याचा आधार आहे, आणि तो माहीत असला पाहिजे. महाराष्ट्रातला दुकाने व आस्थापनांचा कायदा २०१७ मध्ये दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू झाला. जादा कामाला दुप्पट दराने मोबदला द्यावा लागतो. रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत स्त्रीला कामावर ठेवायचे तर तिची संमती लागते आणि तिच्या सुरक्षिततेची सोय मालकाला करावी लागते. घरी पोचवणारी गाडी हा मुलीचा हक्क आहे, कुणी केलेला उपकार नव्हे.

करोनाच्या काळात पुष्कळ कोडर गावी परतून काम करू लागले. कोकणात त्या वाटेत जून २०२० चे निसर्ग वादळ आले, मे २०२१ चे तौक्ते आले, आणि २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण बुडवले. वीज आणि इंटरनेट कित्येक दिवस नव्हते. त्या पुरात घराघरांतल्या कागदांचा लगदा झाला. जुने अहवाल आणि रेशनकार्डेही भिजली. उपचाराची नोंद संगणकावर सुरक्षित असणे कोकणात किती मोलाचे आहे, ते तेव्हा कळले. घरून काम करायचे तर गुप्तताही पाळावी लागते. अमेरिकेचा १९९६ चा हिपा कायदा रुग्णाची माहिती बाहेर जाऊ देत नाही. पडद्याचा फोटो काढायचा नाही, वहीत नाव टिपायचे नाही, त्या खोलीत दुसऱ्या कुणी बसायचे नाही. दोन खोल्यांच्या घरात हे साधत नाही. चिपळूणसारख्या गावात चांगली वीज, चांगले इंटरनेट आणि बंद दाराची सामायिक कार्यालये झाली, तर हे काम इथे येऊ शकेल.

या वाटेने जायचे असेल तर

शरीररचना, रोगांची इंग्रजी परिभाषा आणि इंग्रजी वाचनाचा सराव हा पाया. तो पक्का नसेल तर कोणताही क्लास कामी येत नाही. सर्वांत परिचित परीक्षा अमेरिकेतल्या एएपीसी या संस्थेची ‘सीपीसी’: १०० प्रश्न, चार तास, उत्तीर्ण व्हायला ७० टक्के गुण, आणि कोडची पुस्तके जवळ ठेवायची मुभा. उत्तीर्ण नवख्याच्या नावापुढे अनुभव मिळेपर्यंत शिकाऊ असल्याची खूण राहते. रक्त आणि कर्करोग या शाखेसाठी त्याच संस्थेचे ‘चॉन्क’ हे स्वतंत्र प्रमाणपत्र आहे, पण ते अनुभवानंतरचे. नोकरीची हमी देऊन भरमसाट फी मागणाऱ्या क्लासपासून सावध राहावे. कितीतरी कंपन्या नवख्यांना घेऊन स्वतःच शिकवतात. नोकरी स्वीकारण्यापूर्वी चार गोष्टी लेखी विचाराव्यात: पाळी कोणती, रोजचे लक्ष्य किती, गाडी मिळते का, आणि मध्येच सोडल्यास बाँडची रक्कम भरावी लागते का.

साधे, एकसारखे कोडिंग आता यंत्रे करू लागली आहेत, आणि नवख्यांच्या जागांवर त्याचा परिणाम होणार आहे. ऑन्कोलॉजीत मात्र विसंगत टिपणे जुळवून पाहणारा, डॉक्टरांना प्रश्न विचारणारा माणूस लागतो. ज्याला रोग समजतो त्याचे काम टिकेल. ज्याला फक्त यादीत क्रमांक शोधता येतो त्याचे टिकणे कठीण.

डेरवणच्या खिडकीमागचा आरोग्यमित्र आणि ऐरोलीतला कोडर एकमेकांना ओळखत नाहीत. एकाच्या समोर रुग्ण उभा असतो आणि हाताशी प्रशिक्षण कमी असते; दुसऱ्याकडे प्रशिक्षण असते, पण रुग्ण कधीच दिसत नाही. ऐरोलीत दहा वर्षे केमोचे कागद वाचलेली चिपळूणची मुलगी आपल्या जिल्ह्याच्या रुग्णालयात सन्मानाच्या पगारावर परत यावी, तिने आरोग्यमित्रांना शिकवावे, डॉक्टरांच्या बैठकीत तिला खुर्ची असावी, अशी जागा शासनाने आणि रुग्णालयांनी निर्माण करायला हवी. त्याला नवे यंत्र लागत नाही, मोठी इमारत लागत नाही. कायम नोकरी, पुरेसा वेळ आणि शिकण्याची संधी एवढेच लागते. नोंद करणाऱ्याला फाइल शांतपणे वाचायला मिळालेली दहा मिनिटे ही रुग्णाच्याच उपचाराचा भाग आहेत, आणि त्यांचा खर्च उपचाराच्या खर्चातच धरला पाहिजे.